काजूच्या पात्याचं पेटंट काढताना

बेळगावच्या उद्यमबागेत माझं लेथचं वर्कशॉप आहे. खानापूर-चंदगड भागातल्या काजू कारखान्यांना बिया फोडायच्या हातयंत्राची पाती मी करून देतो. बी जरा मोठी आली की पातं गरात घुसतं, अख्ख्या काजूचा तुकडा होतो आणि भाव उतरतो. म्हणून बीच्या आकाराप्रमाणे मागे-पुढे सरकणारं पातं बनवलं. शेजारच्या फाउंड्रीतले आप्पा म्हणाले, "आधी अर्ज कर, मग गिऱ्हाइकाला दाखव." बरोबरच होतं. वस्तू आधीच बाजारात फिरली की कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही.

कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या पेटंट ऑफिसकडे जातात. चंदगडच्या माझ्या मावसभावाने हेच पातं केलं असतं, तर त्याचा अर्ज मुंबईला गेला असता. कागद मात्र इंग्रजीत नाहीतर हिंदीत. पाट्यांवरून भांडणाऱ्या आमच्या गावात मराठी आणि कानडी दोघींनाही एकदाच बाहेर बसवणारी ही जागा!

एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. चालतं यंत्र न्यावं लागत नाही, वर्णन आणि आकृत्या पुरतात. खरा घाम काढतात ते क्लेम. एक क्लेम म्हणजे एकच लांबलचक वाक्य, आणि हक्क तेवढ्यापुरताच. अर्ज लिहून देणाऱ्या पेटंट एजंट मॅडमनी विचारलं, "स्प्रिंगऐवजी कुणी रबराचा ठोकळा लावला तर?" मग पहिल्या क्लेममध्ये पात्याला मागून रेटणारा कुठलाही लवचिक भाग घातला, दुसऱ्यात स्प्रिंग आणि तिची अडण, तिसऱ्यात रबर. पुढे परीक्षकांनी परदेशातली जुनी पेटंटं समोर ठेवली, पहिला क्लेम आखडावा लागला, आणि तारलं ते दुसऱ्याने. ही तपासणीही आपोआप होत नाही. त्यासाठी ३१ महिन्यांच्या आत वेगळी विनंती आणि ४,००० रुपये. सुनावणी व्हिडिओवरच झाली, चेन्नईला जावं लागलं नाही.

आता येणारा-जाणारा विचारतो, "सरकार किती देतंय रे?" देत नाही बाबा, घेतंय. तिसऱ्या वर्षापासून दरसाल फी, जास्तीत जास्त २० वर्षं. आणि पेटंट जगभर चालत नाही, देशागणिक वेगळं. आमच्या काकूंना त्यांच्या काढ्याचं हवंय. त्यांना हळदीची गोष्ट सांगितली. जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेत १९९५ ला दिलं गेलं. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने आपल्याकडचे जुने ग्रंथ दाखवल्यावर १९९७ ला ते रद्द झालं. घरोघरी माहीत असलेल्या गोष्टीवर मालकी सांगता येत नाही. काकूंना हे पटलेलं नाही.

नक्कल झाली तर पेटंट ऑफिस धाड घालायला येत नाही, दावा आपणच लावायचा. तूर्त मी पात्याचा दर वाढवलाय.