घाटमाथ्यावरून किनाऱ्याकडे: आमची वाटचाल

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले असले, तरी अरबी समुद्र या शहराला कधीच परका नव्हता. ब्रिटिश काळात इथल्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून आंबोलीच्या घाटाने वर येत असे, आणि आजही शिनोळी, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता धरला की सुमारे दीडशे किलोमीटरवर मालवणचा किनारा लागतो. आमचा सहलींचा व्यवसाय याच रस्त्यावर उभा राहिला. सुरुवातीला आम्ही चंदगड तालुक्यातील पारगड, कलानंदीगड, महिपाळगड या किल्ल्यांवर शाळा-महाविद्यालयांच्या सहली नेत होतो. समुद्र हा त्या सहलींतला शेवटचा थांबा असे, संध्याकाळी पाय भिजवून परतण्यापुरता.

एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जण बुडाले. त्यानंतर शहरातल्या कितीतरी घरांत समुद्राचे नाव काढणेही नको झाले आणि पालकांनी ठरलेल्या सहली रद्द केल्या. त्यांचे वागणे स्वाभाविक होते. पण घाटमाथ्यावरची आमची मुले विहिरीत, तलावात किंवा मलप्रभेच्या डोहात पोहायला शिकतात. उथळ दिसणारे पाणीही माणसाला आत ओढून नेते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. किनाऱ्यावर जाणे कायमचे थांबणार नाही हे आम्हांला दिसत होते. म्हणून समुद्र ओळखायला शिकवल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरवायचे नाही, अशी अट स्वतःला घालून आम्ही किल्ल्यांच्या सहली मागे ठेवल्या आणि पुढच्याच हंगामापासून किनाऱ्याचे काम हाती घेतले.

हे शिकवणे बेळगावातच, गाडी सुटण्यापूर्वी सुरू होते. सहलीची तारीख ठरवताना आम्ही पालकांसमोर भिंतीवरचे कॅलेंडर ठेवतो. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब: चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणून लहान मुलांच्या सहलींना आम्ही ते दिवस देत नाही, मग रविवार हातचा गेला तरी चालेल. प्रत्यक्ष वेळ अर्थातच भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यावरून पक्की केली जाते. पण आपल्या घरातल्या कॅलेंडरात समुद्राचे वेळापत्रक दडलेले आहे हे कळले की आईवडिलांची भीती जाऊन तिच्या जागी चौकसपणा येतो, असा आमचा अनुभव आहे.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिला अर्धा तास कोणीही पाण्यात जात नाही. सगळ्यांना वाळूच्या उंचवट्यावर बसवून आम्ही लाटा पाहायला सांगतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस उठत असतो आणि मधल्या एका पट्ट्यात पाणी शांत, किंचित गडद दिसते. पोहायला सुरक्षित जागा कोणती, असे विचारले तर बहुतेक जण त्या शांत पट्ट्याकडेच बोट दाखवतात. मग आमचा किनाऱ्यावरचा सहकारी नारळाचे एक सोडण, म्हणजे वरची जाड साल, तिथे टाकतो. क्षणभर ते जागच्या जागी डुलते आणि नंतर सरळ खोल समुद्राकडे निघते, कारण लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाण्यासाठी हीच वाट धरते. ते सोडण दूर जाताना पाहिलेल्या मुलाला वेगळी ताकीद द्यावी लागत नाही. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये, अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करावा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे, हे आम्ही वाळूवर आडवे झोपवून करून घेतो. गोकाक, बैलहोंगल भागातील मंडळी असली तर हेच सारे कन्नडमध्ये सांगणारा सोबती बरोबर असतोच.

आमची स्वतःची एकही होडी नाही, आणि ती घ्यावी असे वाटतही नाही. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांत प्रवाळ आणि रंगीत मासे दाखवणारे, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे होडी नेणारे, सगळे स्थानिक मच्छीमार कुटुंबांतले आहेत. त्या पाण्याची जाण त्यांच्याकडे आहे, तेव्हा मोबदलाही थेट त्यांच्याच हाती जावा, हे आम्हांला न्याय्य वाटते. होडीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, सकाळी पाण्याकडे पाहून "आज नको, पाणी गढूळ आसा" म्हणाला की त्या दिवशीचे स्नॉर्केलिंग रद्द होते आणि त्याचे पैसे परत केले जातात. यावरून काही गट नाराज होऊन गेले, तरी हा नियम आम्ही सैल केलेला नाही. मद्य घेतलेल्या माणसाला पाण्यात न सोडण्याचा नियमही तसाच आहे.

पाण्याबाहेरही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर मुले दोराला हात लावतात. जाळे किनाऱ्याला टेकेपर्यंत दोर किती जड होत जातो, हे त्यांच्या तळहातांना कळते. वेंगुर्ल्याला महिला बचतगटाच्या होडीतून कांदळवन पाहता येते, आणि हिवाळ्यात वायंगणीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तेव्हा रात्री तिथे दिवे व गोंगाट टाळण्याची शिस्त आम्ही पाळतो.

मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत सिंधुदुर्गातील जलक्रीडा बंद असतात. त्या काळात आमच्या गाड्या शाळेच्या मुलांची ने-आण करतात आणि त्यावर पगार निघतात. २०२० ची टाळेबंदी आणि त्यानंतर कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर झालेली तपासणी, या काळातही शाळा बंद असल्याने तो आधार नव्हता. आम्ही एक गाडी विकून ते दिवस काढले, माणूस मात्र एकही कमी केला नाही.

आता सप्टेंबरमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, बेळगाव आणि खानापूरमधील शाळांत जाऊन किनारा-सुरक्षेचा एक तास विनामूल्य घेण्याचे आम्ही ठरवले आहे. मुले पुढे कोणाबरोबरही समुद्रावर जावोत, आमच्याबरोबरच यावीत अशी अट त्यात नाही.