पिवळ्या पाट्या आणि शंकरपाळे

दादाशी परवा फोनवर जरा वाजलंच. मी इथल्या, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या, ओएशिनेनझे तळ्याचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले होते, तर त्याचं पहिलं वाक्य, "वर जायला गोंडोला (म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा), पुढे पाट्या बघत चालायचं, यात ट्रेक कुठेय?" मी काहीतरी बोलून फोन ठेवला पण दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून इथे नीट लिहिते.

एक तर मी त्याला ट्रेक म्हटलंच नव्हतं. इथे लोक वांडर्न म्हणतात, म्हणजे सरळ चालायला जाणं, आणि त्यात पाठीवर बाळ बांधलेल्या आईपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे असतात. दुसरं म्हणजे त्या दिवशी मी एकटी होते. थोरली आठ वर्षांची, धाकटा चारचा, आणि मी. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही आणि मुलांची सुट्टी संपत आलेली, मग सकाळी उठले, डबे भरले आणि बर्नहून तळ्याखालच्या कांडरश्टेग गावाची ट्रेन पकडली. थोरलीचं वर्षाला ३० फ्रँकचं रेल्वेचं ज्युनिअर कार्ड आहे त्यामुळे तिचं तिकीट नाही, धाकटा सहाच्या आतला म्हणून त्याचंही नाही. वाट आधी पाहिलेली नाही, सोबत ओळखीचं कुणी नाही. तिकडे असते तर दोन पोरं घेऊन अशी निघाले असते का? नसते. आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, कारण मी सह्याद्रीत वाढलेली मुलगी आहे, बाबांनी पाचव्या वर्षी सिंहगड चढायला लावला होता.

मग इथे का निघाले, तर त्या पिवळ्या पाट्यांमुळे. दादाला त्याच पाट्यांचा राग येतोय.

प्रत्येक फाट्यावर खांब असतो, त्यावर पिवळ्या पाट्या आणि मधे एक पांढरी पट्टी, पट्टीवर तुम्ही उभे आहात त्या जागेचं नाव आणि उंची. पिवळ्या पाटीवर गावाचं नाव आणि पुढे वेळ. किलोमीटर नाहीतच! सुरुवातीला मला हे फार विचित्र वाटलं होतं, आता वाटतं डोंगरात किलोमीटर घेऊन करायचंय काय, चढ किती, उतार किती ते धरून तास-मिनिटं सांगा ना. सपाटीला ताशी ४.२ किलोमीटरचा वेग धरतात, चढ-उताराचा हिशेब त्यावर, आणि थांबण्याची वेळ त्यात नसते. साधी पिवळी पाटी म्हणजे कुणीही जावं. टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असला की डोंगरवाट, तिथे पाय घट्ट हवेत आणि उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा दिसला की आपण परत फिरायचं.

अशा खुणा केलेल्या वाटा देशभरात ६५,००० किलोमीटरहून जास्त आहेत. आणि हे काही हौशी मंडळींनी रविवारी जाऊन केलेलं काम नाही (तशी स्वयंसेवक मंडळी आहेतच, पाट्या पुसतात, रंग देतात), १९७९ साली इथे देशभर मतदान घेऊन पायवाटा राज्यघटनेत घातल्या. तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांनी हो म्हटलं. गंमत म्हणजे याच देशात बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला १९७१ मध्ये, आपल्याकडे तो पहिल्या निवडणुकीपासून होता, तेव्हा इथलं सगळंच आधी आणि सगळंच चांगलं असं मी मुळीच म्हणत नाहीये. पण पायवाट ही सरकारची जबाबदारी आहे हे कुणाच्या तरी मनात आलं आणि लोकांनी मत देऊन ते मान्य केलं, याचं मला खरंच फार कौतुक वाटतं.

तर गोंडोलाने वर गेलो, तिथून तळ्यापर्यंत सोपी वाट. ओएशिनेनझे १५७८ मीटरवर आहे. कळसूबाई १६४६. म्हणजे आपल्या सगळ्यात उंच टोकापासून जेमतेम ६८ मीटर खाली अख्खं तळं पसरलेलं आणि त्याच्या भोवती साडेतीन हजार मीटरच्या वरचे बर्फाचे डोंगर. कधीतरी कडा ढासळून खोरं अडलं आणि हे तळं झालं, याला वरून वाहून जायची वाटच नाही, पाणी जमिनीखालून निघून जातं. हे ऐकल्यावर धाकटा अर्धा तास काठावर बसून पाणी कुठून खाली जातंय ते शोधत होता.

फाट्यावर थोरलीला हॉयबेर्गची पाटी दिसली, पांढरा-लाल-पांढरा पट्टा. वरून तळं पूर्ण दिसतं म्हणे. तिचा हट्ट, आणि खरं तर माझंही मन होत होतं. तेवढ्यात वरून एक आजी काठ्या टेकत उतरल्या, धाकट्याच्या बुटांकडे बघितलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, याला घेऊन नको, एका बाजूला सरळ दरी आहे. मग पाटीवरच्या वेळेकडे बोट दाखवून म्हणाल्या, यात मुलं धरलेली नसतात हं. आणि गेल्या.

तेव्हा मला एकदम हरिश्चंद्रगड आठवला. २००९ चा पावसाळा, कॉलेजचा ग्रुप, खिरेश्वरकडून चढताना टोलार खिंडीच्या वर धुक्यात वाट हरवली. हाका ऐकून गुरं राखणारे एक मामा आले, वरपर्यंत सोडलं, आणि उतरताना त्यांच्या घरी पिठलं-भाकरी. पैसे घ्यायला तयार नाहीत. दादा, आपल्याकडे पाटी नसते पण माणूस असतो, हे मला माहितीये आणि त्याचा मला अभिमान आहे. फक्त त्या दिवशी मामा आले नसते तर काय, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. आता दोन मुलांची आई म्हणून पडतो. आणि आपल्या मामांना आपण किती गृहीत धरतो, तेही.

हॉयबेर्गला नाही गेलो. गोंडोलाही सोडला आणि तळ्याकडून पायीच कांडरश्टेगला उतरलो, चारशे मीटरचा उतार, रुंद वाट, जवळूनच ओढा. पाटीवर तासाभराहून थोडी जास्त वेळ होती, आम्हाला जवळजवळ तीन तास लागले. फाट्यांच्या मधे झाडांवर, दगडांवर पिवळे चौकोन रंगवलेले असतात, वाट बरोबर आहे हे कळावं म्हणून. धाकटा त्यांना शंकरपाळे म्हणतो. शंकरपाळा दिसला की ओरडायचं आणि डब्यातला खरा एक खायचा, हा नियम थोरलीने काढला आणि त्यावर तो एकदाही कडेवर न येता स्टेशनपर्यंत चालला. चार वर्षांचा मुलगा!

ट्रेन नुकतीच गेली होती. पुढची येईपर्यंत बाकावर बसून मी त्यांना सांगत होते की इथली कांडर नदी पुढे थूनच्या तळ्यात जाते, आधी जात नव्हती, १७१४ मध्ये माणसांनी खणून तिकडे वळवली, मग त्या तळ्यातून आरे नदी निघते आणि आपल्या घराजवळून जाते. धाकट्याने विचारलं, मग आपण पाण्याच्या आधी पोचू का?

मे महिन्यात आई येतेय. तिचे गुडघे दुखतात म्हणून थूनच्या तळ्याकाठची एक सपाट वाट बघून ठेवलीय. पाटीवर ४० मिनिटं आहेत, मी वहीत दोन तास लिहिलेत. शंकरपाळ्यांचा डबा तिलाच तिकडून आणायला सांगणारे, आणि दादा, तूही ये.