आमची वाटचाल: यंत्रमागाच्या शाफ्टपासून ट्रकच्या शाफ्टपर्यंत

वडील सोलापुरातल्या एका कापड गिरणीत फिटर होते. गिरण्या एकेक करत बंद पडल्या, तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्यांनी एक जुना लेथ घेतला आणि अक्कलकोट रोडला पत्र्याच्या शेडमध्ये काम मांडलं. सगळं काम यंत्रमागाचं: क्रँक शाफ्ट, टॅपेट शाफ्ट, बुश, गियर. मागाच्या नुसत्या आवाजावरून कुठला बुश गेलाय ते वडील सांगायचे, आणि खात्री झाल्याशिवाय पाना लावायचे नाहीत. आमच्या वर्कशॉपमध्ये आजही तीच शिस्त आहे. फक्त मागाच्या जागी ट्रक आलेत.

सोलापूर म्हणजे पुणे-हैदराबाद आणि विजयपूर रस्त्यांचा नाका, त्यामुळे ट्रकची कामं आपोआप येत गेली. आधी प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गियरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचं, वेल्डिंग आणि टर्निंग, पुढे क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, बदलणं. मग कर्ज काढून शाफ्टचा तोल साधणारं बॅलन्सिंग मशीन घेतलं. त्यानंतर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणाऱ्या, गाड्या यायला लागल्या. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या शक्तिमान, निसान वन-टन, जोंगा, शिवाय महिंद्राच्या जुन्या जीपा. शक्तिमान हा जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून बनलेला ट्रक. या गाड्यांचा सांगाडा अजून दणकट असतो, पण त्या आल्या की तक्रार बहुतेक एकच: "मालक, गाडी थरथरतीय."

गळीत हंगामात आलेला एक ट्रक मी नव्या पोरांना नेहमी समजावून सांगतो. मागे क्रेन बसवलेली, रानात रुतलेल्या उसाच्या ट्रॉल्या ओढायचं काम. ड्रायव्हर म्हणाला, "दुसऱ्या गियरला ओढ घेतली की अख्खी केबिन हादरतीय बघा. आणि चाळीसच्या पुढं गेलं की बारीक गुणगुण, ती काय थांबत नाही." आमच्याकडे येण्याआधी त्याचा क्लच, इंजिनाची माउंटिंग आणि दोन टायर बदलून झाले होते.

ड्रायव्हरच्या बोलण्यातच दोन वेगळ्या तक्रारी होत्या. ओढ घेताना येणारा हादरा वेगळा आणि वेगाबरोबर वाढणारी गुणगुण वेगळी. म्हणून आधी गाडी चाळीसच्या पुढे नेऊन न्यूट्रल केली. इंजिन आयडलला आलं तरी गुणगुण तशीच, म्हणजे गुणगुणीच्या संशयातून इंजिन आणि क्लच दोन्ही सुटले. मग हँडब्रेक ओढून गियर टाकला आणि क्लच हळूहळू अर्धा सोडला. हादरा नाही, म्हणजे हादऱ्याचं कारणही तिथे नव्हतं.

राहिली चाकं आणि शाफ्ट. इथे थोडं गणित कामाला येतं. टायरचा घेर साधारण ३ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ३३३ फेरे घेतं. डिफ्रन्शलचा (ॲक्सलमधल्या गियरचा) रेशो ६ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट सहा फेरे घेत असेल, तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट २००० फेरे फिरतो. म्हणून टायरचा दोष सावकाश डोलवतो आणि शाफ्टचा दोष झिणझिण्या आणतो. सीटखाली काय जाणवतं हे ड्रायव्हरला नीट विचारलं तर निम्मं काम तिथेच होतं.

फोर बाय फोरचा एक मोठा फायदा म्हणजे शाफ्ट दोन असतात. पुढचा शाफ्ट उतरवून टू-व्हीलवर चालवली, दोन्ही तक्रारी कायम. मग पुढचा चढवला, मागचा उतरवला आणि फोर-व्हील टाकून पुढच्या चाकांवर चालवली, तर गाडी शांत. म्हणजे दोष मागच्या शाफ्टच्या बाजूला. इथे एक सावधगिरी लागते. बऱ्याच जुन्या गाड्यांत हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या गियरच्या डब्याच्या, मागे असतो, त्यामुळे मागचा शाफ्ट काढला की त्याला काही अर्थ राहत नाही. चाकांना ओंडके लावल्याशिवाय कुणीही गाडीखाली जायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम आहे.

मागचा शाफ्ट बाकावर घेतला. क्रॉसच्या एका कपाच्या (बेअरिंगच्या वाटीच्या) कडेला तपकिरी भुकटी होती. ग्रीस संपून आतल्या सुया, म्हणजे बेअरिंगचे बारीक रोलर, कोरड्या घासल्या की अशी गंजाची पूड बाहेर येते. नळीवर काळ्या मातीचा वाळून दगड झालेला थर एकाच बाजूला बसला होता. पण गुणगुणीचं मूळ स्लिप जॉइंटमध्ये, म्हणजे शाफ्ट लांब-आखूड होतो त्या दातेरी सांध्यात, निघालं. कुणीतरी शाफ्ट उघडून परत जोडताना दाता चुकवला होता, त्यामुळे दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत नव्हते. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडच्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढाच उलटा फरक करून तो खाऊन टाकतो, पण त्यासाठी योक एका रेषेत लागतात आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे लागतात. म्हणून उघडण्याआधी दोन्ही भागांवर पंचाने खूण करायची, एवढं साधं काम आहे.

आता ओढ घेतानाचा हादरा. वडील ओळंबा आणि कोनमापक लावून कोन काढायचे, आम्ही डिजिटल मीटर लावतो. ट्रान्सफर केसची फ्लँज (शाफ्ट बोल्टने बसतो ती चकती) आणि ॲक्सलमधल्या पिनियन गियरची फ्लँज यांच्यात ४ अंशांचा फरक निघाला. आम्ही १ अंशाच्या वर जाऊ देत नाही. क्रेनच्या वजनासाठी मागे स्प्रिंगचे जादा पाटे घातले होते, त्यामुळे चेसिस वर गेली, शाफ्टचा उतार वाढला आणि ॲक्सलचं तोंडही वर फिरलं. ओढ घेताना पाटे पिळवटून पिनियन आणखी वर उठायचं, आणि नेमका तेव्हाच हादरा यायचा. एक पाटा कमी केला, पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये तिरप्या पाचरा घालून पिनियन खाली केलं, यू-बोल्ट नवे टाकले. दोन्ही क्रॉस बदलून शाफ्ट बॅलन्स केला. क्रेनसकट भार देऊन पुन्हा कोन मोजले आणि मगच गाडी दिली.

अशा कामांमुळे तपासणीचे वेगळे पैसे घ्यायचं आम्ही ठरवलं. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुरायचं. मला मात्र हे योग्यच वाटतं. पार्ट विकण्यावर पोट असलं की मेकॅनिकला प्रत्येक पार्ट खराब दिसतो. तपासणीत दोष आमच्या कामाबाहेरचा निघाला, समजा फोर-व्हील टाकून डांबरी रस्त्यावर चालवल्यानं गाडी आखडत असेल किंवा पुढे-मागे वेगळ्या घेराचे टायर असतील, तर आम्ही तेवढं सांगून गाडी परत पाठवतो. त्या माणसाची पुढची गाडी आमच्याकडेच येते.

आज पंढरपूर, तुळजापूर, विजयपूरकडून शाफ्ट येतात. बरेच जण नुसता शाफ्ट एसटीने पाठवतात. बॅलन्सिंग होतं, पण कोन गाडीखालीच मोजावे लागतात, म्हणून जमलं तर गाडीच आणा. रोजचा भार असेल तेवढा ठेवून आणा आणि धुऊन आणू नका. माती कुठे बसलीय, ग्रीस कुठे उडालंय, गंज कुठल्या कपातून येतोय, ते आम्हाला पाहायचं असतं.