पार्क स्ट्रीट आणि उषा उथुप

कोलकात्यात व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर आणि कुमारटुली हे सारे रीतीप्रमाणे पाहून झाले. त्यावर अनेकांनी माझ्यापेक्षा चांगले लिहिलेले आहे. मला खरी ओढ होती ती पार्क स्ट्रीटवरील ट्रिंकाज या उपाहारगृहाची, कारण १९६९ च्या सुमारास उषा अय्यर नावाची एक तरुणी याच ठिकाणी साडी नेसून इंग्रजी गाणी गात असे आणि पुढे तिलाच सारा देश उषा उथुप म्हणून ओळखू लागला.

बाई मूळच्या आपल्या मुंबईच्या. वडील पोलीस खात्यात, बालपण भायखळ्यात. शाळेतील संगीताच्या तासाला हा आवाज बसत नाही म्हणून त्यांना बाजूला काढले होते, ही गोष्ट त्या स्वतःच हसत सांगतात. चेन्नईतील ‘नाइन जेम्स’ या नाइटक्लबमध्ये त्या प्रथम गायल्या, मग मुंबईत मरीन ड्राइव्हवरील ‘टॉक ऑफ द टाउन’ आणि त्यानंतर कोलकाता. क्लबची गायिका म्हणजे झगमगता गाऊन, हे समीकरण ठरलेले असताना कांजीवरम, गजरा आणि तो भरदार खर्जाचा आवाज घेऊन उभे राहायला केवढे धैर्य लागले असेल, याचा विचार मी वाटेत करत होतो.

शनिवारची संध्याकाळ असल्यामुळे पदपथावर पाऊल ठेवायला जागा नव्हती आणि आत टेबल मिळेपर्यंत माझा उत्साह निम्मा झाला होता. ट्रिंका या स्विस गृहस्थांनी सुरू केलेल्या या चहाघराचे १९५९ मध्ये मालक बदलले, आणि पुढे ते जेवणासोबत जिवंत संगीत देणारे उपाहारगृह म्हणून गाजले. मंच आणि टेबले यांत अंतर असे फारसे नाहीच. त्या रात्री गाणाऱ्या तरुणीच्या अगदी पुढ्यात एक मोठे कुटुंब वाढदिवस साजरा करत होते. काट्याचमच्यांचा खणखणाट, मोबाइलचे दिवे, वेटरला मारलेल्या हाका, आणि ऐन अंतऱ्यात केक आला म्हणून उठलेला जल्लोष! मला संताप आवरेना. गायिकेने मात्र आवाज चढवला नाही. तिने ड्रमरकडे पाहून दोन बोटे खाली केली, वाद्ये मंदावली, माइक ओठांच्या आणखी जवळ आला आणि पुढची ओळ ती जवळजवळ कुजबुजल्यासारखी गायली. केक कापणाऱ्या आजी सुरी हातात धरून तिच्याकडे पाहू लागल्या. मग तिने त्याच ठेक्यात वाढदिवसाचे गाणे गुंफले, टाळ्या घेतल्या आणि सहजपणे मूळ गाण्यावर परतली. आमच्याकडे गायक मैफलीत बसतो तेव्हा श्रोते त्याच्यासाठीच आलेले असतात. इथे लोक जेवायला आलेले असतात आणि त्यांचे लक्ष दर रात्री नव्याने मिळवावे लागते. उषाताईंची तालीम याच गोंगाटात झाली. पुढे ‘रंभा हो’ किंवा ‘कोई यहाँ नाचे नाचे’ म्हणताना त्या श्रोत्याला जागेवरून उठवतात, त्याचे मूळ मला या टेबलांमध्ये दिसले.

त्या काळी हा सगळा रस्ताच गात होता. इथल्याच ‘ब्लू फॉक्स’ या उपाहारगृहात पॅम क्रेन गात, लुई बँक्स पियानोवर असत आणि आपल्या गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोन वाजवत. सत्तरच्या दशकात राजकीय अशांतता आणि जबर करमणूक कर यांनी ही दुनिया विझत गेली. उषाताई मात्र टिकल्या. ऐंशीच्या दशकात एका मंत्र्याने त्यांचे गाणे ‘अपसंस्कृती’ ठरवून सरकारी सभागृहांची दारे बंद केली, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. त्याच कोलकात्याला त्यांनी घर मानले; कपाळावरच्या टिकलीत कोलकात्याचा बंगाली ‘क’ मिरवणाऱ्या या मुंबईकर तमिळ बाईंना २०२४ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हा बंगाली माणूस ‘आमादेर दीदी’, आमची दीदी, म्हणाला असेल, आणि आम्ही मुंबईकर हळहळण्यापलीकडे काय करणार?

जाणाऱ्यांनी शनिवार टाळावा, मंचाजवळचे टेबल मागून घ्यावे आणि कृपा करून वाढदिवस घरी साजरा करावा.