स्टॉकहोममधल्या एकोणनव्वद पायऱ्या

फेब्रुवारीअखेरच्या एका रात्री मी स्टॉकहोममधल्या स्वेआवेगन या हमरस्त्याच्या पदपथावर वाकून उभी होते. पायाशी फरशीत बसवलेली धातूची पट्टी होती आणि तिच्या कडेला काळपट बर्फ साचला होता. २८ फेब्रुवारी १९८६ रोजी या जागी स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची हत्या झाली, एवढेच तिच्यावर लिहिले आहे. ती कोणी केली, हे आजही सिद्ध झालेले नाही.

माझ्या भाच्याचे शेजारी, एक निवृत्त शिक्षक, मला तिथे घेऊन आले होते. या हत्येचा आपणहून तपास करणाऱ्या हौशी शोधकांसाठी स्वीडिश भाषेत ‘प्रिवातस्पानारे’ हा शब्दच रूढ आहे, आणि हे गृहस्थ त्यांपैकीच. पाल्मे त्या रात्री इथून जाणार हे मारेकऱ्याला कळले कसे, हा त्यांचा मुख्य प्रश्न. पाल्मे यांनी अंगरक्षकांना आधीच घरी पाठवले होते, चित्रपटाला जायचे त्याच दिवशी ठरले होते, आणि ग्रँड चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर पती-पत्नी पायीच निघाले, वाटेत रस्ता ओलांडून पलीकडे आले आणि रात्री ११ वाजून २१ मिनिटांनी तुन्नेलगातानच्या कोपऱ्यावर पाठीमागून दोन गोळ्या झाडल्या गेल्या. कट म्हणावा, तर इतक्या ऐनवेळच्या बेताची खबर कोणी दिली? आणि योगायोग म्हणावा, तर मॅग्नम रिव्हॉल्व्हर बाळगून थंडीत कोण फिरत होते? ते शस्त्र तर सापडलेच नाही.

सर्वसामान्य माणसे या तपासात पहिल्या सकाळपासूनच आहेत. पोलिसांनी बंद केलेली जागा फारच लहान होती, त्यामुळे दोन्ही गोळ्या पोलिसांना नव्हे, तर इतरांना सापडल्या. पहिली तर एका भारतीय पत्रकाराला. हे ऐकून मी नकळत पुन्हा खाली पाहिले.

१९८९ मध्ये एकाला जन्मठेप झाली आणि त्याच वर्षी अपिलात तो निर्दोष सुटला. २०२० मध्ये सरकारी वकिलांनी जवळच्याच विमा कंपनीत काम करणाऱ्या एका दिवंगत गृहस्थांकडे बोट दाखवून तपास थांबवला. मेलेल्या माणसाला बचाव करता येत नाही, त्यामुळे हा शेवट मला मान्य होत नाही.

बोफोर्सचा विषय मीच काढला, कारण भारताने या स्वीडिश कंपनीशी केलेला तोफांचा तो करार हत्येनंतर महिन्याभराच्या आत, २४ मार्च १९८६ रोजी झाला होता. शिक्षकांनी शांतपणे मान हलवली आणि म्हणाले, “तारखा जवळ आहेत, पण त्यांना जोडणारा धागा दाखवा.” त्यांचे म्हणणे मला पटले.

मग मारेकरी ज्या वाटेने पळाला, त्या गल्लीतून आम्ही टेकडीवरच्या रस्त्याकडे जाणारा जिना चढलो. मी मोजल्या: ८९ पायऱ्या. वर पोहोचेपर्यंत मला धाप लागली होती. शिक्षकांनी हातातले घड्याळ थांबवून वहीत माझी वेळ लिहिली, त्याखाली स्वतःची लिहिली, आणि उद्या अंगात जड ओव्हरकोट घालून पुन्हा चढायचे, असे ठरवून आम्ही खाली उतरलो.