एका ‘बाहेर’साठी इंग्रजीत किती शब्द?

‘साहेब बाहेर गेलेत’ हे फोनवर इंग्रजीत सांगताना पुष्कळजण ‘सर इज आउटसाइड’ म्हणून मोकळे होतात. ऐकणाऱ्याला वाटतं, साहेब दाराबाहेरच उभे आहेत, हाक मारली की येतील. सांगायचं असतं ते ‘सर इज आउट’, म्हणजे सध्या इथे नाहीत, कुठेतरी गेलेत. परगावी मुक्कामाला असतील तर ‘सर इज अवे’. आपल्याकडचं ‘आउट ऑफ स्टेशन’ भारतात चालून जातं, परदेशी माणसाशी बोलताना ‘आउट ऑफ टाउन’ म्हणावं.

जेवणाचंही तसंच. ‘काल आम्ही बाहेर जेवलो’ म्हणजे हॉटेलात, तर ‘वी एट आउट’. ‘वी एट आउटसाइड’ म्हटलं की पानं अंगणात किंवा गच्चीवर मांडली होती असा अर्थ होतो. आउटसाइडला एखाद्या भिंतीची, दाराची हद्द लागते. बोलणाऱ्याच्या मनात ती हद्द पक्की असते. आउटला तशी हद्द लागत नाही.

इन आणि इनसाइडमध्ये फरक आहे, पण थोडा नाजूक. कुणी टकटक केलं तर ‘कम इन’. पावसात पायरीवर भिजत उभ्या असलेल्या माणसाला ‘कम इनसाइड’, कारण तिथे बाहेर आणि आत हा भेदच महत्त्वाचा असतो. ‘इज शी इन?’ म्हणजे ती घरी किंवा ऑफिसात आहे का. या प्रश्नात इनसाइड घातलं तर ती त्या खोलीत किंवा इमारतीत आहे का, एवढंच विचारल्यासारखं होतं.

सगळ्यात जास्त गोंधळ इनडोअर्स आणि आउटडोअर्सचा. इनडोअर्सला इमारत लागते. गाडी, तंबू, कपाट, डबा यांच्यात वस्तू इनसाइड असते, इनडोअर्स नव्हे. वानखेडेवर सामना बघणारे प्रेक्षक ‘इनसाइड द स्टेडियम’ असतात, तरी तिथलं क्रिकेट मात्र आउटडोअर्सच चालतं, कारण मैदानावर आभाळ उघडं आहे. ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी कशी, हे लक्षात आलं की अर्धं काम झालं.

आता शेवटचा ‘स’. पूर्वी ‘विदिन डोअर्स’ म्हणत, ‘आउट ऑफ डोअर्स’ तर अजूनही म्हणतात. तो डोअर्समधला ‘स’ क्रियाविशेषणात टिकला: ‘द चिल्ड्रन आर प्लेइंग इनडोअर्स’. नामाच्या आधी विशेषण म्हणून येताना मात्र तो गळतो: ‘इनडोअर गेम्स’, ‘आउटडोअर शूटिंग’. ‘वी प्लेड इनडोअर’ असं सर्रास ऐकू येतं, पण परीक्षेत आणि छापील मजकुरात इनडोअर्सच लिहावं.

इनडोअर्सच्या पुढे नाम जोडता येत नाही. ‘इनडोअर्स द हाउस’ चूक, ‘इनसाइड द हाउस’ बरोबर. इनसाइड, आउटसाइड ही शब्दयोगी अव्ययाचंही काम करतात, म्हणून मध्ये ‘ऑफ’ लागत नाही. अमेरिकन बोलण्यात ‘आउटसाइड ऑफ’ खूप येतं, ते चूक नाही. लिहिताना ‘ऑफ’ गाळलेला बरा. ‘द’ लागून तो शब्द नाम झाला की मात्र ‘ऑफ’ हवाच: ‘दे पेंटेड द आउटसाइड ऑफ द हाउस’, म्हणजे घराची बाहेरची बाजू रंगवली.

गतीदर्शक ‘टू’ या शब्दांना लावायचा नाही. ‘गो टू इनसाइड’ चूक, ‘गो इनसाइड’ बरोबर, ‘गो होम’सारखंच. मराठीत तरी आपण ‘आतला जा’ कुठे म्हणतो? ‘फ्रॉम’ मात्र चालतो: आतून कडी लावली असेल तर ‘द डोअर इज बोल्टेड फ्रॉम इनसाइड’, किंवा ‘फ्रॉम द इनसाइड’.

आणि शब्दांचा क्रम. पाऊस आला, वाळत घातलेले कपडे आत आणायचेत, तर ‘ब्रिंग द क्लोद्स इनसाइड’. ‘ब्रिंग इनसाइड द क्लोद्स’ म्हटलं तर इनसाइड कपड्यांना चिकटतं आणि ‘कपड्यांच्या आत आण’ असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. छोट्या ‘इन’ला ही अडचण नाही: ‘ब्रिंग इन द क्लोद्स’ आणि ‘ब्रिंग द क्लोद्स इन’ दोन्ही ठीक. कपड्यांच्या जागी सर्वनाम आलं की एकच क्रम उरतो, ‘ब्रिंग देम इन’.