कोयना : धरण वर, वीजघर घाटाखाली

कोयनेला जाणारे बहुतेक जण भिंतीसमोर फोटो काढून माघारी फिरतात. आम्हीही दोनदा तेच केलं होतं. या मार्चमध्ये मात्र मामांना घेऊन कऱ्हाडहून निघालो ते कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत जायचं ठरवूनच.

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला येते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. धरणाने तिला अडवलं आणि बरंचसं पाणी बोगद्यांतून उलट कोकणात उतरवलं. सुमारे ४७५ मीटरचा उतार फुकट मिळतो तो इथेच! टाटांनी ही जागा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हेरली होती. पण वीज आली ती १९६२ साली, पोफळीला डोंगराच्या पोटात कोरलेल्या वीजघरातून. म्हणून धरणाजवळच्या नेहरू उद्यानातून १०३ मीटर उंचीची भिंत दिसते, शिवसागर जलाशय दिसतो, वीजघर काही दिसत नाही. प्रकल्पाच्या एकूण १,९६० मेगावॅटपैकी धरणाच्या पायथ्याशी जेमतेम ४०.

उद्यानातल्या बाकावर मामांनी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगितली. ते तेव्हा पाटणला शाळेत होते. "आधी मांडणीवरचे डबे वाजायला लागले, मग भिंतच आली." त्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणाला तडे गेले. ते बुजवून भिंत मजबूत केली.

भिंतीवर किंवा वीजघरात जायचं तर परवानगी आधीच काढा. आयत्या वेळी गेटवर विनवण्या करून उपयोग नाही, आम्ही करून पाहिल्या. टाकी कऱ्हाडलाच भरून घ्या. गाडी नसेल तर कऱ्हाड-चिपळूण एसटी याच रस्त्याने जाते. ओझर्डे धबधबा बघायचा तर पावसाळ्यातच या, पण मग घाटातल्या धुक्यात दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात. उजेड असतानाच उतरा.

घाटाखाली पोफळी, अलोरे. वीज करून झालेलं पाणी, इथल्या भाषेत अवजल, कोळकेवाडीच्या धरणात साठवतात आणि त्यावर प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज करतात. एकाच पाण्याची दोनदा कमाई.

तिथून ते वाशिष्ठीत जातं. चिपळूणच्या पुलावर मामांनी गाडी थांबवायला लावली. उन्हाने रस्ता भाजत होता आणि खाली नदी चांगली वाहत होती. "आपल्याकडचंच पाणी," मामा म्हणाले, आणि कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले.